ऑपरेटर साहेबांचा ज्युनियर

“बोला, ऐकून राहिलो.”

दारावर थाप पडली की आतून हे तीन शब्द यायचे. ‘कोण आहे’ नाही, ‘या’ नाही. थेट ‘बोला’. आत गेलं की ते खुर्चीत ताठ बसलेले दिसायचे. मान किंचित वळलेली, उजवा कान आपल्या दिशेला आणि उजव्या हाताचा पंजा टेबलावर पालथा. टेबलावर बहुतेक वेळा काहीच नसायचं. तरी पंजा तिथंच.

एका सरकारी कार्यालयाच्या टेलिफोन बोर्डावर त्यांनी तीस वर्षं काढली होती. गल्लीत सगळे त्यांना ऑपरेटर साहेब म्हणायचे. मूळचे ते नांदेड जिल्ह्यातल्या इस्लापूरचे. सहाव्या वर्षी देवीच्या साथीत दोन्ही डोळे गेले. पुढं अंधशाळा, मग अपंगांच्या जागेवर नोकरी, आणि नोकरीनं लातूरला आणलं ते कायमचंच.

तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल. त्याच्याबद्दल बोलायला लागलं की आपण आधी त्याचे गुण सांगत सुटतो, कारण आपण त्याच्याशी कसे वागलो हे सांगायला जीभ रेटत नाही. मीही तेच करणार आहे. पण शेवटी तिथं यावं लागेल, हे मला माहीत आहे.

मी चाकूरहून लातूरला आलो तो एका कोचिंग क्लासमध्ये नोकरीला. कॉम्प्युटर सांभाळायचे, चाचणी परीक्षांचे निकाल लावायचे, हजेरीच्या मशीन चालू ठेवायच्या, एवढं माझं काम. राहायला त्यांच्या घरावरची खोली मिळाली. मी त्यांना चाचा म्हणायचो, त्यांच्या बायकोला चाची. ते मला सर म्हणायचे.

“चाचा, मी शिकवत नाही. नुसते कॉम्प्युटर बघतो.”

“क्लासमध्ये शिपाई सोडून सगळे सरच असत्यात. आन शिपायालाबी गावाकडं गेल्यावर सरच म्हणत असतील.”

लातूर कसं बदलत गेलं, ते त्यांना आवाजावरून कळलेलं होतं. पूर्वी गल्लीत सकाळी बकऱ्या जास्त आणि सायकली कमी होत्या, असं ते सांगायचे. आता पहाटेपासून सायकलींच्या घंट्या, मेसच्या पत्र्याच्या डब्यांचा खडखडाट, आणि दिवसभर क्लासच्या जाहिराती करत फिरणाऱ्या रिक्षा. एकदा अशी एक रिक्षा गेली. भोंग्यावर कुणीतरी ठासून सांगत होतं, यंदा इतकी मुलं डॉक्टर झाली, तितकी इंजिनिअर झाली. चाचांनी ऐकलं आणि म्हणाले, “हा माणूस घाबरून बोलून राहिला.” तो आमच्याच क्लासच्या संचालकांचा आवाज होता. त्या वर्षी समोर नवा क्लास उघडला होता आणि आमचे संचालक खरोखरच घाबरलेले होते. मी काही बोललो नाही. चाचांनी माझं न बोलणंही ऐकलं असणार.

शेजारी मुलींचं वसतिगृह होतं. जवळच्याच मुरूडची एक मुलगी रोज संध्याकाळी आमच्या ओट्यावर बसून आईला फोन करायची. “हाव, सगळं चांगलं चाललंय. जेवण चांगलंय. अभ्यास चांगला चाललाय.” एक दिवस चाचांनी चाचीला हाक मारली. “त्या पोरीला आत बोलाव, चहा दे. चांगलं चाललंय म्हणून राहिली, पण श्वास वरच्यावर घेऊन राहिली.” मुलगी आत आली. चहाचा कप हातात येईपर्यंत धीर धरला तिनं, मग जी रडायला लागली ती थांबेना. दोन दिवस जेवलेली नव्हती. चाचीनं तिला तिथंच भाकरी खाऊ घातली. ती गेल्यावर चाचा म्हणाले, “आता बरोबर घेऊन राहिली श्वास.”

लातूरच्या त्या मोठ्या भूकंपाबद्दल ते बोलायचे नाहीत. चाचीकडून एवढंच कळलं होतं, की त्या दिवसांत ते घरी आलेच नाहीत. ज्या काही टेलिफोनच्या लाईनी चालू राहिल्या होत्या, त्यातल्या दोन त्यांच्या बोर्डावर होत्या. मुंबईहून, पुण्याहून, सोलापूरहून माणसं आपापल्या गावाचं नाव घेऊन फोन करायची. कारकून मृतांच्या याद्या वाचून दाखवायचा, चाचा त्या ब्रेलमध्ये टोचून घ्यायचे, आणि फोन आला की कागदावरून बोट फिरवत नाव शोधायचे. मी एकदा विचारलं. ते म्हणाले, “फोन लई आले, सर.” पुढं काही नाही.

निवृत्त झाल्यावर त्यांना लिहायचं होतं. काय लिहायचं ते सांगितलं नाही. “ब्रेलमध्ये लिहिलं तर घरात वाचणारं कोण हाय? पोरीला वाचता आलं पाहिजे.” मुलगी लग्न होऊन नांदेडला होती. मग मला माझ्या टेबलाच्या खणातला एक बोर्ड आठवला. तळहातात मावेल एवढा उघडा संगणक. निकाल दाखवायच्या पडद्यासाठी क्लासनं घेतला होता, मग मोठी मशीन आली आणि हा पडून राहिला. क्लासला विचारून मी तो घरी आणला. त्याच्यातल्या नखाएवढ्या कार्डावर संगणक चालवणारी लिनक्स प्रणाली टाकली, लिहिलेलं वाचून दाखवणारा प्रोग्रॅम टाकला, कीबोर्ड जोडला, एक छोटासा गोल स्पीकर जोडला.

“पडदा कधी आणायचा?” चाचीनं विचारलं.

“पडद्याचं मी काय करू?” चाचा म्हणाले, आणि दोघं कितीतरी वेळ हसले.

मशीन पहिल्यांदा मराठीत बोललं तेव्हा चाचांनी कान पुढं केला. आवाज ठोकळ्यासारखा होता, आणि ‘ळ’ तर त्याला येतच नव्हता.

“हा कोण?”

“मशीन आहे चाचा.”

“नवा लागलेला दिसतो. जीभ वळून नाही राहिली अजून.” मग त्याला उद्देशून म्हणाले, “ज्युनियर, पुन्हा बोल.”

तेव्हापासून तो ज्युनियर. त्याला ते रागवायचे, शाबासकी द्यायचे. मराठी कीबोर्ड त्यांनी पंधरा दिवसांत पाठ केला. एक कळ दाबली की त्यांची वही उघडायची. दुसरी कळ दाबली की इंग्रजीतून मराठीत यायचं, आणि ज्युनियर ‘मराठी’ असं बोलून खात्री करून द्यायचा. मशीन चालू आहे का हे बघायला ते बोटाची मागची बाजू हळूच त्या बोर्डाला लावायचे, तापलेल्या मुलाच्या कपाळाला लावावी तशी. “गरम हाय. जागा हाय.”

दोन वर्षं असं चांगलं चाललं. मधल्या काळात क्लासनं मला गावाच्या दुसऱ्या टोकाला जागा दिली आणि मी तिकडं राहायला गेलो. येणं-जाणं कमी झालं. याच सुमाराला क्लासमधल्या सगळ्या मशीन मी लिनक्सच्या नव्या आवृत्तीवर नेल्या. एकही मशीन अडकली नाही. संचालकांनी चारचौघांत पाठ थोपटली. त्या भरात मला चाचांचा बोर्ड आठवला. त्याची आवृत्ती जुनी झाली होती, तिला नव्या दुरुस्त्या मिळणं बंद झालं होतं. नव्या आवृत्तीत मराठी आवाज सुधारला होता. ही सगळी कारणं खरी आहेत. पण बदलाची गरज चाचांना नव्हती. ती मला होती. मला अजून एकदा कुणीतरी शाबास म्हणायला हवं होतं.

रविवारी दुपारी मी स्कूटरवर मागं मॉनिटर बांधून त्यांच्याकडं गेलो, कारण मला तर पडदा लागणार होता.

“चालून राहिलंय की, सर,” चाचा म्हणाले. “चालत्या लाईनीला कशाला हात लावता?”

“चाचा, जुनं झालंय. ज्युनियरला आता ‘ळ’ म्हणता येईल.”

त्यांनी खुर्ची बाजूला सरकवून मला जागा दिली. मी त्यांची वही पेनड्राईव्हवर काढून घेतली, नवी आवृत्ती चढवली, एकेक गोष्ट परत बसवली. अडीच तास लागले. तेवढा वेळ ते पंजा टेबलावर ठेवून शेजारी बसून होते. शेवटी ज्युनियर बोलला. आवाज खरंच स्वच्छ होता. ‘ळ’ सुद्धा आला. मी चाचांकडं पाहिलं. त्यांनी मान एकीकडं वळवली, मग दुसरीकडं.

“आवाज डावीकडून येऊन राहिला का, सर?”

छोटा स्पीकर त्यांच्या उजव्या हाताला होता. डावीकडं माझा मॉनिटर होता, आणि त्याला स्वतःचे स्पीकर होते. एवढं ऐकल्यावर कुणीही वळून बघितलं असतं. मी वायरी गुंडाळत होतो. पाच वाजता क्लासमध्ये चाचणी होती.

“नवा आवाज आहे, चाचा. सवय होईल.”

मशीन बंद केलं, मॉनिटर काढला, स्कूटरला बांधला. मॉनिटर काढल्यावर एकदा मशीन चालू करून बघायला पाच मिनिटं लागली असती. मी ती दिली नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वादहाला फोन आला. “सर, ज्युनियर बोलून नाही राहिला.” मी म्हणालो, स्पीकरचं बटण बघा, मशीन बंद करून चालू करा. “ते सगळं केलं.” मी म्हणालो, रविवारी येतो.

रविवारी निकाल होते. मंगळवारी परत फोन आला, मी परत रविवार सांगितला. पुढं चाचण्यांचा मोसम सुरू झाला. आणि मग मी फोन उचलणं बंद केलं.

तो रोज यायचा, सव्वादहालाच, कार्यालय उघडल्यावर कामाला लागावं तसा. चार वेळा वाजायचा आणि थांबायचा. पाचव्यांदा कधी नाही. मला पडद्यावर नाव दिसायचं. मी कामात असायचो हे खोटं नाही, पण प्रत्येक वेळी नव्हतो. कित्येकदा नुसता चहा पीत बसलेलो असायचो. नाव दिसलं की मी फोन टेबलावर उलटा ठेवायचो. महिनाभरानं रोजचा फोन आठवड्यावर आला. मग एके दिवशी माझ्या लक्षात आलं, की बऱ्याच दिवसांत आलाच नाही. तेव्हा मला काय वाटलं हे लिहायलाही लाज वाटते. मला हलकं वाटलं.

एकदा गंजगोलाईच्या बाजारात भाजी घेताना चाची भेटली. मी आधीच तोंड भरून सबबी सांगायला लागलो. तिनं त्या ऐकून घेतल्या.

“तुमचे चाचा रोज बसत्यात त्याच्यापुढं,” ती म्हणाली. “टकटक चालू असती.”

“आवाज येतो का आता?”

“न्हाई येत. पण बसत्यात. बोट लावून बघत्यात, गरम हाय म्हणत्यात, आन लिहीत बसत्यात.”

“येतो मी रविवारी.”

चाचीनं मान हलवली आणि मेथीची जुडी निवडायला लागली.

असे एकूण चार महिने गेले. मग चाचीचाच फोन आला. मुलगी दोघांना नांदेडला घेऊन चालली होती, कायमचं. “मशीन तुमचं हाय, बेटा. घेऊन जा.” त्याच दिवशी मी गेलो. ते बोलवत होते तेव्हा गेलो नाही, वस्तू परत घ्यायला गेलो.

घरात गाठोडी बांधून ठेवलेली होती. चाचांच्या टेबलाला मात्र अजून कुणी हात लावला नव्हता. “या सर,” ते म्हणाले. सूर नेहमीसारखाच. मी माझा लॅपटॉप बोर्डाला जोडला आणि आत बघितलं. आवाज कुठल्या तोंडातून बाहेर पडावा, याची एक नोंद असते. मी मॉनिटर जोडून सगळं बसवलं होतं, म्हणून ती नोंद मॉनिटरच्या नावावर गेली होती. छोट्या स्पीकरकडं काही जातच नव्हतं. ज्युनियर चार महिने बोलत होता. जिथं काहीच जोडलेलं नाही अशा भोकातून बोलत होता.

एक ओळ बदलली. दोन मिनिटांचं काम.

मला ते सांगवेना. मी उगाच बसून राहिलो. हे उघड, ते बंद कर, मधूनच ‘च्‌’ म्हण. अर्ध्या तासानं म्हणालो, “मोठा बिघाड होता, चाचा. आतलं बरंच बदलावं लागलं.”

चाचा अगदी सावकाश म्हणाले, “तुम्ही बसल्यावर थोडं शोधलं. मग एक ओळ लिहिली. एंटर दोनदा दाबलं. त्यानंतर अर्धा तास तुम्ही नुसते उसासे टाकून राहिले.”

मी खाली बघत होतो. ते आंधळे होते, आणि मी त्यांच्यासमोर मान खाली घालून बसलो होतो.

“चहा घ्या,” ते म्हणाले. “थंड होऊन राहिला.”

मग त्यांनी वहीची कळ दाबली. चार महिने लिहिलेलं त्यांना पहिल्यांदाच ऐकायला मिळणार होतं. ज्युनियरनं वाचायला सुरुवात केली आणि नुसती इंग्रजी अक्षरं बडबडायला लागला. शब्द नाहीत, अर्थ नाही. व्ही, ई, यू, आर, सी, आर. चाचांनी थांबवलं, पुढं जाऊन परत वाचायला लावलं. तेच.

तीही माझीच करणी होती. नव्या आवृत्तीत कीबोर्ड दर वेळी इंग्रजीत जागा व्हायचा, आणि मराठीची कळ मी बसवायचीच विसरलो होतो. चाचा रोज ती दाबत होते. दाबून काही होत नाही हे त्यांना ज्युनियरनं सांगितलं असतं, पण ज्युनियरचं तोंड मी बांधून ठेवलं होतं.

“किती पानं हायत अशी?”

मी बघितलं. “साठच्या वर.”

त्यांनी टेबलावरचा पंजा उचलला आणि मांडीवर ठेवला.

“मी नीट करून देतो, चाचा.”

“राहू द्या, सर. तुम्हाला क्लास असतो.”

टोमणा असता तर बरं झालं असतं. तो टोमणा नव्हता. मला खरंच वेळ नसतो, असं ते धरून चालले होते.

मी पेनड्राईव्हवर वही घेतली आणि आयुष्यात पहिल्यांदा क्लासमध्ये कारण न सांगता रजा टाकली. कळा बरोबरच दाबलेल्या होत्या, फक्त अक्षरं दुसरी उमटली होती. म्हणजे प्रत्येक अक्षराच्या जागी त्याच कळेवरचं मराठी अक्षर ठेवलं की झालं. ती व्ही, ई, यू, आर ही चार अक्षरं पानापानावर पुन्हा पुन्हा येत होती. मी कीबोर्डवर बोट ठेवून बघितलं. न, काना, ह, दुसरी वेलांटी. ‘नाही’. मी सगळ्यात आधी ओळखलेला शब्द तो होता. मग छोटा प्रोग्रॅम लिहून सगळी पानं फिरवली, आणि मराठी उमटत गेलं.

ते त्यांच्या मुलीसाठी होतं. मी वाचायला नको होतं. पण वाचलं.

भूकंपाचे दिवस होते ते. फोनमागून फोन. त्यात एक माणूस होता, पुण्याकडं कारखान्यात कामाला. दुसऱ्या दिवसापासून रोज दुपारी फोन करायचा. भाऊ, भावजय आणि त्यांची दोन लेकरं गावी होती. बाकीची माणसं फोन लागला की थेट गावाचं नाव घ्यायची, ओरडायची, रडायची. हा आधी विचारायचा, “साहेब, तुम्ही जेवलात का?” मग विचारायचा, “यादी आली का?” तिसऱ्या दिवशी त्या गावची यादी आली. चारही नावं एकाखाली एक होती. चाचांनी ती स्वतःच्या हातानं टोचून घेतली होती. दुपारी फोन आला. साहेब, जेवलात का? यादी आली का? चाचा म्हणाले, अजून नाही.

त्या दिवशी सकाळपासून त्यांनी कितीतरी जणांना सांगितलं होतं. यालाच सांगणं जमेना. पुढचे चार दिवसही तेच. अजून नाही. आठव्या दिवशी फोन आला नाही. चाचांनी लिहिलं होतं, “तो स्वतःच निघून आला असणार. मी सांगितलं असतं तर त्याला पाच दिवस आधी रडता आलं असतं. ते पाच दिवस मी त्याच्याकडून घेतले. मला सांगता आलं नाही.”

पुढच्याच आठवड्यात मी नांदेडची बस धरली. तिसऱ्या मजल्यावर मुलीचा फ्लॅट. चाचांना खिडकीजवळ टेबल दिलं होतं. बोर्ड मी परत घेतलाच नव्हता, तो त्यांच्याबरोबरच आला होता. मी त्यात दुरुस्त केलेली वही घातली, मराठीची कळ बसवली. मग सगळ्या वायरी काढल्या, परत लावल्या, दोनदा बंद-चालू करून बघितलं. आवाज उजवीकडून येत होता.

सकाळचे दोन तास चाचा ऐकत होते. मध्ये मध्ये चुका दुरुस्त करत. त्या माणसाचा भाग आला. ज्युनियरनं तो बाकी सगळ्यासारखाच वाचला, एका पट्टीत. ‘अजून नाही’ हेही तसंच. चाचांनी शेवटचं वाक्य परत वाचायला लावलं. आणखी एकदा. मग कळा दाबून त्यातले शब्द बदलले. ज्युनियरनं नवं वाक्य वाचून दाखवलं.

“मी सांगितलं नाही.”

‘सांगता आलं नाही’ तिथून गेलं होतं.

मी म्हणालो, “चाचा, तुमचे फोन मला दिसायचे. मी मुद्दाम उचलले नाहीत.”

“हाव,” ते म्हणाले. “फोन बंद असला तर ती बाई सांगती. दुसऱ्याशी बोलत असलं तर ट्यूँ ट्यूँ येतं. तुमचा नुसता वाजून राहायचा. कुणी समोर बसून उचलून नाही राहिला, तर ते कळतं, सर.”

माफ केलं असं ते म्हणाले नाहीत. मीही माफी मागितली नाही. मागितली असती तर त्यांना काहीतरी चांगलं बोलावं लागलं असतं, आणि तेवढं ओझं तरी मला त्यांच्यावर टाकायचं नव्हतं. “जेवून जा,” म्हणाले. जेवताना त्यांनी एक काम सांगितलं. लातूरला सायकली, डबे, वसतिगृहाची घंटा यांच्यावरून त्यांना वेळ कळायची. इथं तिसऱ्या मजल्यावर काहीच वर येत नव्हतं. ज्युनियरला तासातासाला वेळ सांगता येईल का? मी ते बसवलं. एक वाजायची वाट बघत तिथंच थांबलो. ‘एक वाजला’ असं ऐकल्यावरच चपला घातल्या.

त्यानंतर दीड वर्षात मी तीनदा नांदेडला गेलो. जास्त जाता आलं असतं. त्यांचा फोन एकदाही चुकवला नाही, पण ते फारसे करायचेच नाहीत. हिवाळ्यात एका सकाळी मुलीचा फोन आला. झोपेतच गेले. मी मातीला पोचलो.

चाळिसाव्याला परत गेलो. पाहुणे जेवून गेले होते. चाचीनं मला टेबलाजवळ नेलं. बोर्ड चालू होता, चाळीस दिवस. तेवढ्यात तो बोलला, “चार वाजले.” घरातलं कुणी वर बघितलं नाही, इतकी त्याची सवय झालेली.

“वायर ओढायची न्हाई म्हणून त्यांनी मला सांगून ठेवलं होतं,” चाची म्हणाली. “खराब होतं म्हणाले. म्हणून कुणाला हात लावू दिला न्हाई. बंद करता येतं का त्याला?”

“येतं की.” मी खुर्ची ओढून बसलो. कीबोर्डवर हात ठेवले.

“आन परत ऐकावंसं वाटलं, तर तुम्ही याल का?”

तिनं सहज विचारलं होतं. चेहऱ्यावर काही नव्हतं.

मी उठलो आणि तिला खुर्चीत बसवलं. तिनं आजवर त्या कीबोर्डवरची फक्त धूळ पुसली होती. कुठल्या कळा, कुठल्या क्रमानं, ते मी तिला दाखवलं. पहिल्यांदा चुकलं. दुसऱ्यांदा तिनं पुटपुटत मोजून दाबल्या. ज्युनियर म्हणाला, “बंद होत आहे,” आणि थांबला. चाची जरा वेळ तशीच बसली. मग तिनं मला न विचारता भिंतीवरचं बटण बंद केलं, परत चालू केलं, आणि वाट बघत राहिली. एक मिनिट गेलं. आवाज आला. तिनं तो नीट ऐकून घेतला. मग परत त्याच कळा, एकही न चुकता.

ओढणीच्या टोकानं तिनं बोर्ड पुसला. मी बाजूला उभा होतो. माझी तिथं काही गरज उरलेली नव्हती.